पोटगी, इन्कम टॅक्स आणि रिफंड: रिटर्न भरण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

जुलै उजाडला की तेच प्रश्न सुरू होतात. "मुलीला महिन्याला वीस हजार देतो, ते पगारातून वजा करून रिफंड मागता येईल ना?" "मुलाची पोटगी माझ्या खात्यात येते, म्हणजे ती माझी कमाई धरणार का?" "त्याने आठ महिने पैसे थकवलेत, त्याचा रिफंड माझ्याकडे वळेल का?"

थोडक्यात उत्तरं अशी. पहिल्याला नाही. दुसऱ्याला मुलाचा वाटा नाही, पण तुमच्या स्वतःच्या नावाची मासिक पोटगी मात्र हो. तिसऱ्याला आपोआप तरी नाही.

गोंधळाचं एक कारण मोबाईलवर फिरणारी माहिती. अमेरिकेत मुलाच्या खर्चासाठी दिलेली रक्कम देणाऱ्याला वजा मिळत नाही, घेणाऱ्याला त्यावर कर लागत नाही, आणि थकबाकी असेल तर सरकार ती देणाऱ्याच्या टॅक्स रिफंडातून कापून घेऊ शकतं. हे तिकडचं. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातून हुकूम मिळालेल्या माणसाला त्यातलं काही जसंच्या तसं लागू होत नाही.

खालचे आकडे आणि कलमं आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नसाठी आहेत, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण २०२५-२६ चं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे.

## टप्पा १: आधी पोर्टल ताब्यात घ्या, मग कागद गोळा करा

हे मुख्यतः बायकांसाठी लिहितोय, कारण मुंबईतल्या कितीतरी घरांत बायकोचं रिटर्न नवराच "बघून घ्यायचा". परिणामी पोर्टलवर मोबाईल त्याचा, ईमेल त्याचा आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक. विभक्त झाल्यावरही ओटीपी त्याच्याच फोनवर जात राहतो. म्हणून पहिलं काम हेच: आधारशी जोडलेला मोबाईल स्वतःचा करून घ्या, त्यावरच्या ओटीपीने आयकर विभागाच्या पोर्टलचा पासवर्ड बदला, मग प्रोफाईलमधला मोबाईल आणि ईमेल बदला.

त्यानंतर हे कागद एका फाईलमध्ये लावा:

१. कोर्टाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत. अंतरिम आणि अंतिम असे दोन्ही हुकूम असतील तर दोन्ही. परस्पर संमतीने घटस्फोट असेल तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटी.
२. १ एप्रिल ते ३१ मार्चचं बँक स्टेटमेंट. पोटगी ज्या खात्यातून जाते किंवा ज्यात येते, त्याचं.
३. शाळेच्या फीच्या पावत्या. ट्यूशन फी वेगळी दाखवलेल्या.
४. मुलाच्या नावावरच्या एफडी आणि म्युच्युअल फंडांची व्याजाची, नफ्याची प्रमाणपत्रं.
५. फॉर्म १६, एआयएस (विभागाकडे असलेली तुमच्या व्यवहारांची नोंद) आणि २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तपशील).

तपासा: स्टेटमेंटमध्ये पोटगीच्या नोंदीपुढे काय लिहिलंय? "मेंटेनन्स" एवढंच असेल तर सोसायटीचा मेंटेनन्स कुठला आणि पोरीचा कुठला, हे तीन वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. यूपीआय असो वा एनईएफटी, शेऱ्यात "मुलीची पोटगी, जून" असं महिन्यासकट लिहायची सवय लावा. स्वतःची आणि मुलाची रक्कम दोन वेगळ्या व्यवहारांनी पाठवली तर सोन्याहून पिवळं.

## टप्पा २: आलेल्या रकमेचे तीन भाग पाडा

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. घरात आपण सरसकट "पोटगी" म्हणतो, पण कर लावताना ती कोणासाठी आणि कशी दिली हे पाहिलं जातं.

मुलासाठीची रक्कम. बाप हा मुलाचा कायद्याने नातेवाईक. घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, बाप-लेकाचा नाही. त्यामुळे ५०,००० रुपयांवरच्या भेटीवर कर लावणारं कलम ५६(२)(एक्स) या रकमेला लागत नाही. आईच्या खात्यात ती मुलाची पालक म्हणून येते. फी, दप्तर, दवाखाना, ट्रेनचा पास यांत गेलेल्या या पैशावर आईने कर भरायचं कारण नाही.

स्वतःसाठीची मासिक रक्कम. प्रतापगढच्या राजकुमारी महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं, की हुकुमानुसार दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न आहे आणि एकरकमी मिळालेली रक्कम ही भांडवली प्राप्ती, म्हणून करपात्र नाही. मुंबईत राहणाऱ्यांनी हा निकाल डोळ्यांआड करू नये. मासिक रक्कम "इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न" या सदरात दाखवायची.

खटला अजून चालू असेल आणि अंतरिम पोटगी मिळत असेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही अजून पती-पत्नी आहात. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशाचा विचार वेगळा होऊ शकतो. त्या वर्षापुरतं सीएचं लेखी मत घ्या आणि फाईलला लावा.

एकरकमी रक्कम. मुळात एकरकमी ठरलेली रक्कम करमुक्त, पण तिच्यावरचं व्याज नाही. शिवाय एका वर्षात दहा लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या एफडी केल्या की बँक ते आयकर विभागाला कळवते आणि एआयएसमध्ये नोंद दिसते. घाबरायचं कारण नाही, पण "पैसे आले कुठून" या प्रश्नाचं उत्तर म्हणून कन्सेंट टर्म्सचं ते पान आणि डिमांड ड्राफ्टची प्रत हाताशी हवी.

सावधान: तडजोडीच्या दिवशी "थोडे चेकने, थोडे रोख" असा प्रस्ताव हमखास येतो. एका माणसाकडून एका प्रसंगात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कलम २६९एसटीने बंद आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. तो घेणाऱ्याला बसतो, देणाऱ्याला नाही.

आता सगळ्यात अडचणीची स्थिती. हुकुमात "अर्जदार व मुलासाठी मिळून दरमहा ३५,०००" असं एकत्र लिहिलेलं असतं. रिटर्न भरताना आपल्या सोयीने "तीस मुलाचे, पाच माझे" अशी वाटणी करू नका. हुकुमाची कारणमीमांसा वाचा, अर्जात मुलाचा खर्च किती मागितला होता ते पाहा, आणि वकिलांना रकमेची फोड करून घेण्यासाठी अर्ज करता येईल का ते विचारा. मसुदा अजून टेबलावर असेल तर आजच दोन वेगळे परिच्छेद करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत पुरतं.

### भीती किती खरी आहे?

बऱ्याच जणी स्वतःची पोटगी दाखवत नाहीत, कारण "टॅक्स बसेल". हिशेब करून बघू. पगार वर्षाला ६,६०,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन उरले ५,८५,०००. स्वतःची पोटगी दरमहा १५,००० म्हणजे १,८०,०००. मुलाच्या एफडीचं व्याज ३०,०००, ते कसं जोडायचं हे चौथ्या टप्प्यात येईल. एकूण ७,९५,०००. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य. लपवून एक रुपयाही वाचला नसता. उलट कोर्टात "पोटगी मिळते" आणि रिटर्नमध्ये "मिळत नाही" अशी विसंगती मात्र कायमची नोंदली गेली असती.

ज्यांचं उत्पन्न बारा लाखांच्या वर जातं त्यांनी मात्र आगाऊ कर विसरू नये. पोटगीवर देणारा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापत नाही. वर्षाचा उरलेला कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना हप्ते भरावे लागतात, नाहीतर व्याज लागतं.

## टप्पा ३: देणाऱ्याने काय मागायचं, काय नाही

पोटगीची रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. हा प्रश्न सुटून साठ वर्षांहून जास्त काळ झाला, आणि तोही मुंबईच्याच प्रकरणात. सीतलदास तीरथदास यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकुमानुसार बायको-मुलांना दिलेली रक्कम वजा मागितली होती. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: पैसे आधी तुमचे झाले, मग तुम्ही ते जबाबदारी म्हणून खर्च केले. कोर्टाचा हुकूम असला तरी तो तुमच्या कमाईचा खर्चच.

पगारातून परस्पर कापून जात असेल तरी हेच. कंपनी जप्तीच्या हुकुमाने रक्कम कापून कोर्टात भरते, हातात पगार कमी येतो, पण फॉर्म १६ वर पूर्ण पगार दिसतो आणि टीडीएसही पूर्ण पगारावर. एचआरशी वाद घालू नका, ते बरोबर करतायत.

सावधान: "साहेब, रिफंड काढून देतो, टक्केवारी द्या" म्हणणारे रिटर्नवाले गल्लोगल्ली आहेत. पोटगीची रक्कम ते देणगी, वैद्यकीय खर्च किंवा घरभाड्याच्या नावाखाली घुसवतात. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के असतो आणि तो पॅनधारकाला लागतो. टक्केवारी घेणारा तोवर दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो.

मग काहीच मिळत नाही का? जुन्या करप्रणालीत थोडं मिळतं:

- शाळेची ट्यूशन फी स्वतः भरली तर ८०सी खाली, दोन मुलांपर्यंत, एकूण दीड लाखाच्या मर्यादेत. मूल कोणाकडे राहतं हे गौण, फी कोणी भरली हे महत्त्वाचं. डोनेशन आणि डेव्हलपमेंट फी धरत नाहीत.
- अवलंबून असलेल्या मुलाच्या आरोग्य विम्याचा हप्ता ८०डी खाली, २५,००० पर्यंत. घटस्फोटानंतर माजी पत्नीचा हप्ता यात बसत नाही.
- मुलाच्या उच्च शिक्षणासाठी स्वतः घेतलेल्या कर्जाचं व्याज ८०ई खाली.

आईला पैसे दिले आणि आईने फी भरली, तर वजावट आईची. बापाने शाळेला परस्पर फी भरली, तर बापाची. एकाच पावतीवर दोघांनी पूर्ण रक्कम मागायची नाही. निम्मी निम्मी भरली असेल तर ज्याने जेवढी भरली तेवढी त्याची.

पण पावत्यांवरून पुन्हा कोर्टाची पायरी चढण्याआधी दोन्ही प्रणालींत गणित करून बघा. समजा पगार १५ लाख आणि घरभाड्याची सूट नाही. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, पूर्ण दीड लाख ८०सी आणि २५,००० चा विमा धरूनही कर उपकरासह २,०२,८०० येतो. नव्या प्रणालीत यातली फी किंवा विमा काही न धरता ९७,५००. म्हणजे ज्या पावतीसाठी दोघं भांडतायत तिचा बापाला उपयोगच नाही. असं असेल तर ती आईकडे राहू द्या, ती जुन्या प्रणालीत असेल तर तिला कामी येईल.

तपासा: हुकुमात "पोटगी आईच्या खात्यात जमा करावी" असं असताना बापाने परस्पर शाळेची फी भरली आणि तेवढी पोटगी कापली, तर कोर्ट ती थकबाकी मानू शकतं. कर वाचवायला हुकूम मोडू नका. आधी कोर्टाकडून तसा बदल करून घ्या.

## टप्पा ४: मुलाच्या नावावरच्या पैशाचं व्याज कोणाच्या रिटर्नमध्ये?

पोटगीतून शिल्लक टाकून मुलाच्या नावाने एफडी केली. मुद्दल करमुक्त, ठीक. व्याज हे अल्पवयीन मुलाचं उत्पन्न, आणि ते कलम ६४(१ए) नुसार आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात जोडावं लागतं. कोणाच्या, ते लग्नाच्या स्थितीवर ठरतं.

१. घटस्फोट झालेला आहे: त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात.
२. खटला चालू आहे, घटस्फोट अजून नाही: दोघांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या. मूल आईकडे राहत असलं आणि एफडी आईने केलेली असली तरी.

दुसरा मुद्दा नव्याण्णव टक्के लोकांना पटत नाही, पण कायद्यात "विवाह टिकून नसेल तर" असेच शब्द आहेत. वेगळं राहणं म्हणजे विवाह संपणं नव्हे. म्हणून खटल्याच्या काळात मुलाच्या नावावर मोठी एफडी करण्याआधी वकील आणि सीए दोघांनाही विचारा.

एकदा ते व्याज एका पालकाच्या उत्पन्नात धरलं गेलं, की पुढच्या वर्षांतही तिथेच राहतं. अधिकाऱ्याने दुसऱ्या पालकाचं म्हणणं ऐकून बदल केला तरच फिरतं. दरवर्षी ज्याला कमी कर बसेल त्याच्याकडे ढकलता येत नाही.

जुन्या प्रणालीत जोडलेल्या उत्पन्नातून दर मुलामागे १,५०० ची सूट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. मुलाने स्वतःच्या कलेने किंवा कामाने मिळवलेले पैसे, उदाहरणार्थ मालिकेत किंवा जाहिरातीत काम करून, जोडायचे नसतात. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्नही नाही. अठरा पूर्ण झाल्यावर जोडणी संपते, मग मुलाचं स्वतःचं रिटर्न.

फ्लॅटचं प्रकरण निराळं आहे आणि मुंबईत तेच सगळ्यात महाग पडतं. वेगळं राहण्याच्या कराराचा भाग म्हणून बायकोच्या नावावर फ्लॅट केला, तर त्याचं भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात जोडत नाहीत, तशी कायद्यातच सोय आहे. मात्र करारात हे लिहिलेलं हवं. अल्पवयीन मुलाच्या नावावर फ्लॅट केला तर ही सोय नाही: कलम २७ नुसार देणारा बापच मालक धरला जातो आणि भाड्यावरचा कर त्यालाच. "पोराच्या नावावर करून टाकू, मोकळे होऊ" म्हणणारे मोकळे होत नाहीत.

## टप्पा ५: फॉर्म निवडा

पगार, व्याज, पोटगी एवढंच असेल तर आयटीआर-१ चालतो. पण मुलाच्या पॅनवर बँकेने टीडीएस कापला असेल आणि व्याज तुमच्या उत्पन्नात जोडत असाल, तर आयटीआर-२ घ्या. कापलेला टीडीएस दुसऱ्याच्या नावावर असताना आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मध्ये मुलाचं उत्पन्न एसपीआय शेड्यूलमध्ये (दुसऱ्याचं जोडलेलं उत्पन्न दाखवायचा तक्ता) आणि टीडीएस मुलाच्या पॅनचा उल्लेख करून भरायचा.

तपासा: मासिक पोटगी एआयएसमध्ये येत नाही. पोर्टलने आधीच भरून दिलेल्या रिटर्नवर डोळे झाकून "पुढे" दाबलंत तर ती सुटते. हाताने भरा.

## टप्पा ६: रिफंड अडकू नये म्हणून

समजा एकरकमी मिळालेल्या पैशाच्या एफडीवर वर्षाला १,००,००० व्याज मिळालं. ५०,००० च्या वर गेल्याने बँकेने दहा टक्के, म्हणजे १०,००० टीडीएस कापला. तुमचा एकूण कर शून्य असेल तर ते दहा हजार तुमचे आहेत, पण रिटर्न भरलंत तरच. शेवटची तारीख गेली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरून रिफंड मागता येतो. त्यानंतरच्या आयटीआर-यू मध्ये, म्हणजे अद्ययावत रिटर्नमध्ये, रिफंड मागता येत नाही.

क्रम असा ठेवा:

१. स्वतंत्र खातं. नवऱ्याबरोबरचं जॉइंट खातं रिफंडसाठी निवडलेलं असेल तर काढा. पैसे तिथे गेले तर परत मिळवायला नवीन भांडण.
२. नाव जुळवा. पॅनवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आधारवर तिसरंच काही, हे घटस्फोटानंतर फार दिसतं. नाव जुळलं नाही तर पोर्टल खातं प्रमाणित करत नाही आणि रिफंड परत जातो. आधी आधार, मग पॅन, मग बँक.
३. खातं पोर्टलवर प्रमाणित करा आणि रिफंडसाठी निवडा.
४. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय. हे राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात.
५. रिफंड परत गेला असेल तर नवं खातं प्रमाणित करून पोर्टलवर "रिफंड रीइश्यू"ची विनंती टाका.

विभाग कलम २४५ खाली रिफंड वळता करतो तो तुमच्याच जुन्या कर-थकबाकीपोटी. पोटगीच्या थकबाकीचा त्या यंत्रणेशी संबंध नाही. पोटगी थकवणाऱ्याचा रिफंड तुमच्या हाती यायचा असेल तर वाट कोर्टातूनच जाते: वसुलीचा अर्ज, पगाराची किंवा बँक खात्याची जप्ती. पोटगीच्या हुकुमाच्या अंमलबजावणीत पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित ठेवून बाकीवर जप्ती आणता येते. बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या कायद्याच्या १२५ खाली, वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. "नंतर एकदम मागू" म्हणून थांबलात तर जुने महिने हातचे जातात.

## टप्पा ७: रिटर्न आणि कोर्टातलं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून वाचा

रजनीश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. समोरच्या वकिलाचं पहिलं काम म्हणजे ते रिटर्नशी ताडून बघणं. पोटगी कमी बसावी म्हणून धंद्याचं उत्पन्न अचानक निम्मं दाखवणारे, आणि पोटगी जास्त मिळावी म्हणून एफडीचं व्याज न दाखवणाऱ्या, दोघेही इथेच सापडतात. चूक प्रामाणिक असेल तर मुदतीत रिव्हाइज्ड रिटर्न भरा. त्यानंतर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत आयटीआर-यू भरून, जास्तीचा कर देऊन, राहिलेलं उत्पन्न दाखवता येतं.

रिटर्नवर कलम १४३(१) ची "आम्ही हा बदल करत आहोत" अशी सूचना आली तर ३० दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्यायचं असतं. लांबलचक कहाणी लिहू नका, लग्न का मोडलं हे अधिकाऱ्याला नको असतं. हुकुमाचं रकमेचं पान, त्या महिन्यांचं स्टेटमेंट आणि कोणती रक्कम कोणाची हे सांगणारा चार ओळींचा तक्ता जोडा, आणि उत्तर पाठवल्याची पोचपावती डाउनलोड करून फाईलला लावा.